हिरवट आकाश

"दोन्ही ढिगांत तोच माणूस आहे, आई," जॅनिस हळूच म्हणाली. "तोच फोटो, तेच नाव. बाबा नुसते हात हलवतायत गं."

आर्लीन त्या हाताकडेच बघत होती. पलंगावर आडव्या सरकवलेल्या टेबलावर तिचा नवरा मर्ल डाव्या हाताने बेसबॉलची जुनी कार्डं लावत होता. उजवा हात उशीवर निपचित पडलेला. एक कार्ड उचलायचं, खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरायचं, मग या नाहीतर त्या ढिगावर ठेवायचं. सगळी एकाच वर्षाची, लाकडाच्या नक्षीची चौकट असलेली. एकेका खेळाडूची चार-चार, पाच-पाच कार्डं होती आणि ती दोन्ही ढिगांत वाटली जात होती.

उन्हाळा संपता संपता मर्लला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची भाषा गेली. एक शब्द तेवढा राहिला, 'मंगळवार'. पाणी हवं असलं तरी मंगळवार, पाय दुखला तरी मंगळवार. या पुनर्वसन केंद्रात त्याला व्यायाम देणारी केंड्रा गोड मुलगी होती, पण खरं सांगायला तिलाही शब्द सापडत नव्हते. तिने कपाचं चित्र दाखवून समोरचा कप उचलायला सांगितलं, तर मर्लने चमचा उचलला. "आत किती पोचतंय ते कळायला मार्ग नाही हो," ती म्हणाली होती. "त्यांच्या ओळखीचं, आवडीचं काही असलं तर घेऊन या."

म्हणून आर्लीनने बुटांच्या खोक्यातली कार्डं आणली होती. आणताना गाडीतळावर खोकं हातातून निसटलं. रबर लावलेल्या दोन गड्ड्या फुटून सगळी कार्डं डांबरावर पसरली. तिने वाकून वाकून ती गोळा केली, आणि त्यातलं कुठलं कुठल्या गड्डीतलं, हे मात्र तिला काही केल्या कळेना.

शुक्रवारी बैठक होती. मर्लला घरी सोडायचं की कायमचं कुठल्या संस्थेत ठेवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. जॅनिसने कोलंबस शहरात आपल्या घराजवळ एक जागा बघून ठेवली होती. तिचं चुकत होतं असंही नाही. माणूस काही समजतच नसेल, तर सत्तरीतली बाई एकटी त्याला घरात कशी सांभाळणार? हे आईला सांगण्याआधी पोरगी गाडीत बसून रडली होती, हे आर्लीनने तिच्या डोळ्यांवरून ओळखलं होतं.

आर्लीनचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. मोठाल्या पातेल्यांत मक्याचं सूप ढवळायचं आणि शेकडो पोरांच्या ताटात वाढायचं. मर्ल टाकीची गाडी घेऊन शेताशेतावर गॅस पोचवायचा. शनिवारी तो कार्डांच्या बाजाराला गेला की ती गाडीत बसून शब्दकोडं सोडवायची. लग्नानंतर कधीतरी एकदा तिने विचारलं होतं, की एकच कार्ड दोन-दोन कशाला ठेवतोस. त्याने तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं. त्या वर्षी काही कार्डं दुसरीकडे छापली गेली म्हणे, त्यांच्यावर हिरवट झाक चढली.

"माणूस बघू नकोस, त्याच्या मागचं आकाश बघ," तो म्हणाला. "हे निरोगी आहे. ह्याला काविळीसारखं काहीतरी झालंय."

"मला दोन्ही सारखीच दिसतात," असं म्हणून ती भांड्यांकडे वळली होती. तोही हसला होता.

आता मर्लचा हात थांबला. समोर दोन ढीग तयार झाले होते. त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दमला होता.

आर्लीनने दोन्ही ढिगांतलं वरचं एकेक कार्ड उचलून खिडकीशी नेलं आणि आकाशं बघितली. तिला दोन्ही आकाशं आकाशासारखीच दिसली. मग तिने पिशवीतून सँडविचचे दोन रिकामे डबे काढले, एकेक ढीग एकेका डब्यात ठेवला आणि कोट चढवला.

"कुठे निघालीस?" जॅनिसने विचारलं.

"क्लीटसकडे."

क्लीटस बोगर मर्लचा जुना दोस्त. गावात त्याचं केस कापायचं दुकान होतं, आता ते त्याने बंद केलं होतं. झटक्यानंतर तो एकदाच केंद्रात आला. मर्ल त्याच्याकडे बघून "मंगळवार, मंगळवार" करत राहिला, तेव्हा टोपी चुरगाळत बाहेर पडला तो पुन्हा फिरकलाच नाही. आर्लीनला बघून तो ओशाळला.

"मी येणारच होतो गं, पण हा गुडघा..."

"गुडघ्याचं मरू दे. हे बघ आणि मला सांग. खोटं बोललास तर तुझ्या बायकोला सांगेन."

"काय सांगशील?"

"सुचेल काहीतरी."

ओसरीच्या पायरीवर, दुपारच्या स्वच्छ उजेडात, क्लीटसने पहिला डबा उघडला. एकेक कार्ड डोळ्यांशी धरून तो मांडीवर ठेवू लागला. तोंडाने फक्त "हं, हं" चाललं होतं. आर्लीनने मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. पहिला डबा संपला तेव्हा त्याने विचारलं, "ह्यात एकही हिरवं नाही, ती वेगळी काढलीयत की. कोणी लावली?"

"दुसरा डबा बघ आधी."

दुसराही जवळजवळ संपत आला. मग एका कार्डापाशी तो अडला. मुखवटा वर सारलेला, चेंडू झेलणारा एक कॅचर होता तो. क्लीटसने कार्ड उलटसुलट केलं, उन्हात धरलं, सावलीत धरलं.

"हे चुकलंय," तो म्हणाला. "हे काही हिरवं नाही."

आर्लीनला वाटलं, म्हणजे जॅनिसचंच खरं. बाकीची बसली असतील नशिबाने. तिने डबा घ्यायला हात पुढे केला, पण क्लीटस तो देईना. त्याची नजर त्या कॅचरवरच खिळली होती.

"आर्लीन, ही मर्लने लावली का गं?"

"आज सकाळी. एका हाताने."

"हे गाढव हे कार्ड हिरव्यातच घालतं," क्लीटस म्हणाला. "पहिल्यापासून. मी बोंबलून सांगतोय, अरे, हे कुणाच्या तरी खिडकीत पडून उन्हाने विटलंय, ही छपाई नव्हे. पण ऐकेल तर शपथ. ह्याच्यावरून एका नाताळात आम्ही बोलत नव्हतो, तुला आठवत असेल. सगळ्या ओहायोत हे कार्ड हिरव्यात घालणारा एकच माणूस आहे."

आर्लीन पायरीवर बसली. कितीतरी आठवडे छातीवर ठेवलेलं दगडी जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसा तिचा श्वास सुटला. तो आत होता. तोच, हट्टी, चुकीचा, तिचा मर्ल.

शुक्रवारी बैठकीच्या आधी क्लीटस तिच्याबरोबर आला. केंड्रा होती, जॅनिस होती. क्लीटसने टेबलावर दोन्ही ढीग मांडले, पळावंसं वाटल्यासारखं दाराकडे एकदा बघितलं आणि मग तो कॅचर उचलून निरोगी आकाशांच्या ढिगावर ठेवला.

मर्लने कार्डाकडे बघितलं, मग क्लीटसकडे. डाव्या हाताने कार्ड उचललं आणि हिरव्यांवर आणून ठेवलं.

क्लीटसने पुन्हा पलीकडे नेलं.

मर्लने पुन्हा आणलं. या वेळी त्याने त्यावर तळवा ठेवला आणि उठवलाच नाही. भुवया अशा जवळ आल्या, की जॅनिस पुन्हा लहान झाल्यासारखी दोन पावलं मागे सरली. तिने लहानपणी जेवणाच्या टेबलावर हा चेहरा कितीदा बघितला होता.

"बाबा रागावलेत," ती म्हणाली. मग केंड्राकडे वळून पुन्हा तेच म्हणाली, "अहो, ते रागावलेत." आणि तोंडावर हात धरून हसू लागली.

केंड्राने खुर्ची ओढून मर्लच्या डोळ्यांसमोर घेतली. "माझी चित्रं फारच कंटाळवाणी होती, मिस्टर स्टुकी," ती म्हणाली. "सोमवारपासून आपण ह्यांच्यावरच शिकू."

बैठक लांबली, पण अवघड गेली नाही. जेवणाच्या खोलीत पलंग मावेल का, जिन्याला कठडा कोण लावून देईल, अशा गोष्टींवर बोलणं झालं. मर्ल घरी येणार होता. शब्द कदाचित कधीच परत येणार नाहीत, हेही केंड्राने सांगितलं, आणि ते आर्लीनने शांतपणे ऐकून घेतलं. जॅनिसने बाहेर जाऊन कोलंबसच्या त्या जागेला नको म्हणून सांगायला फोन लावला.

आर्लीन कॉफी आणायला निघाली. परतताना दोन्ही हातांत पेले घेऊन ती दाराबाहेरच थांबली. आतून क्लीटसचा आवाज येत होता. ऊन, खिडकी, विटलेला रंग, तोच जुना वाद. बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा, समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच, आणि मग "ते तुझं झालं रे," म्हणून पुन्हा भांडायला लागायचा.