कोपऱ्यातलं नाव

बायकोच्या मय्यतीला दस्तगीर रडला नाही. गौहरचं चाळिसावं झालं, तिच्या माहेरचे कळंबचे पाहुणे जेवून गेले, तरी डोळ्याला पाणी नाही. आत सगळं मुंग्या आलेल्या पायासारखं झालेलं. पाय आपलाच, पण टेकला तरी कळत नाही.

अख्ख्या बारामतीत लाकूड कोरावं तर त्यानंच. ठोकळ्यावर चित्र कोरायचं, शाई फासायची, कागदावर छापायचं. "तुमची प्रेरणा कोण?" असं कुणी विचारलं, की गडी पुस्तकात पाहिलेल्या परदेशी चित्रकारांची नावं धडाधड घ्यायचा. अन् ठोकळ्यावर चित्र काढायची कोण? घरात बसलेली गौहर! मेंदी काढून वळलेला हात तिचा. भाकऱ्या उरकल्या की ठोकळा मांडीवर घ्यायची, पेनानं चित्र काढायची आणि कोपऱ्यात नवऱ्याचं नाव लिहायची. तेही उलटं, कारण छापताना सगळं फिरतं. तीस वर्षं हेच चाललं, पण चित्र हिचं हाय, एवढं काही याच्या तोंडून निघालं नाही.

तिनं काढलेला एकच ठोकळा आता उरला होता. मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी. कॉलेजातलं प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं.

"अब्बा, नका ना कोरू," शगुफ्ता म्हणाली. "अम्मीच्या हातचं तेवढंच राहिलंय. कोरलं की जाईल."

"तिनं कोरायलाच काढलं हुतं, पोरी."

तो कोरत बसला. शेळी झाली, बाभूळ झाली, काटे झाले. काही वाटलं नाही. मग कोपरा आला. तिथं तिच्या अक्षरात उलटं लिहिलेलं, दस्तगीर. आजारी असतानाही विसरली नव्हती बया! त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं ते नाव तासून काढलं, तिथं गौहर लिहिलं, कोरलं आणि कागद दाबला.

शगुफ्तानं कागद उचलला आणि कोपरा बापापुढं धरला. नाव उलटं छापलं होतं. शिकाऊ पोरगंसुद्धा करणार नाही अशी चूक!

पुन्हा कोरायला तिथं लाकूड उरलं नव्हतं. त्यानं तेच चित्र फ्रेम करून नेलं.

प्रदर्शनात श्रेया नावाची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. "काका, तुमची प्रेरणा कोण?"

दस्तगीरनं शेळीखालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

ती वाकली, मान तिरकी केली. "वाचता येईना हो. उलटं आलंय."

"व्हय," तो म्हणाला. "उलटं लिहायचं तिलाच यायचं. तिचं नाव मी पहिल्यांदाच लिहिलं."