सात नंबरच्या विहिरीचं शुद्धीकरण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या विहिरीचं पाणी शुद्ध झालं. विहिरीजवळ तेव्हा कुणीही नव्हतं.

पण हे अजून झालेलं नाही असं धरून चालू. साडेदहा वाजलेत, आणि बाटलीसाहेब समितीच्या टेबलाच्या टोकाला बसलेत.

बाटलीसाहेब म्हणजे नगरपालिकेच्या प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ. सव्वीस वर्षं ते विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेत आणि तपासत. नाव त्यावरून पडलं. नवखा माणूस ते ऐकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला बघे. सात नंबरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं होतं. मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमची, विहिरीत एक्केचाळीस. चुकलं असेल म्हणून त्यांनी पाच वेळा तपासलं. विष पाचही वेळा हजर होतं. कचेरीत एवढं नियमित दुसरं कुणी नव्हतं.

विहीर बंद करा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांची ताई तिथलंच पाणी भरायची. तिच्या तळहातांवर बारीक, टणक गाठी आल्या होत्या. भांडी घासून होतं, म्हणायची.

समितीत त्यांना मत नव्हतं. ते 'निमंत्रित तज्ज्ञ' होते. विचारलं तरच बोलायचं. चौथा विषय खुर्च्यांच्या गाद्यांचा. स्पंज की कापूस यावर अर्धा तास खल झाला, कारण बसण्याचा अनुभव प्रत्येकाला दांडगा होता. मग पाचवा, विहीर. अध्यक्ष म्हणाले, बंद केली तर नळ टाकावे लागतील, त्यात दोन वर्षं जातील, तोवर लोक आपल्या दारात बादल्या वाजवतील. एका सभासदाने विचारलं की दहाच का, दहा काय देवाने आखून दिलेत? पन्नास करा, गोल आकडा आहे. गोल आकडा सर्वांना आवडला.

मग अध्यक्षांना तज्ज्ञाची आठवण झाली.

"साहेब, एक सांगा. पन्नासचं पाणी प्यायलं की माणूस लगेच मरतो का?"

बाटलीसाहेबांनी जन्मात अंदाजपंचे उत्तर दिलं नव्हतं. भाजी कशी झालीय असं बायकोने विचारलं तरी ते आणखी एक घास घेऊन मगच बोलत.

"लगेच नाही," ते म्हणाले. "पण..."

"बास, धन्यवाद. विषय सहा."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं: तज्ज्ञांच्या मते तात्काळ धोका नाही.

आठवड्याभरात विहिरीवर पाटी लागली. पाणी पिण्यास योग्य, तज्ज्ञांच्या मतानुसार.

बाटलीसाहेब ताईकडे गेले, तेव्हा तिने ती पाटी अख्ख्या गल्लीला दाखवली होती. कोपऱ्यावरची शिंपीण शंका येऊन दोन नंबरच्या विहिरीवर जायला लागली होती. भावाचा हवाला देऊन ताईने तिलाही माघारी वळवलं होतं. बाटलीसाहेबांनी सगळं सांगितलं. दहा, एक्केचाळीस, पन्नास. हातांवरच्या गाठी कशाच्या, तेही.

ताईने तळहात उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे तू तसं म्हणालाच नाहीस?"

"म्हणालो. पुढचं राहिलं."

"मग आता लोकांना काय सांगू?"

"सांग, भाऊ चुकला. आणि उद्यापासून दोन नंबरवरून भर."

ताईने कोपऱ्यातली बादली पुढे ओढली.

"सांगेन की. पण लोक पाटी वाचतील, माझं कोण ऐकतंय," ती म्हणाली. "गल्लीतल्या सोळा घरांना मीच तिथं भरायला लावलं. त्यांना तिथं ठेवून मी एकटी लांब जाऊ? तू आधी तुझं वाक्य पुरं कर. मग आम्ही सगळ्याच जाऊ."

आणि बादली उचलून ती रोजच्यासारखी सात नंबरकडे निघाली.

बाटलीसाहेबांनी घरी येऊन अर्ज लिहिला, तीन प्रतींत.

"मा. अध्यक्ष महोदय, मंगळवारच्या बैठकीच्या इतिवृत्तात, विषय क्रमांक पाच येथे, माझ्या उत्तरापुढे 'पण' हा शब्द वाढवावा, व त्यापुढील वाक्य पूर्ण करण्यासाठी मला पुढील बैठकीत बोलण्याची परवानगी मिळावी. वाक्य लहान असून एका श्वासात होईल. तरी ते संपेपर्यंत कोणीही धन्यवाद म्हणू नये, ही नम्र विनंती."