काळ्याच्या आधीचे रंग

काकू गेल्या त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. पण काकूंचे रंगही गेले, हे काकांना कळलं ते नंतर, बँडमधला ट्रंपेटवाला कोट घेऊन दुकानात आला त्या सकाळी.

"काका, आमच्यात नवा गडी आलाय. त्याचा हा कोट आमच्यासारखा करून द्या. काकूंनी दिला होता तोच लाल, जरा जांभळ्याकडे झुकणारा."

"बस, देतो की! तुझ्या काकूचा एकूण एक रंग माझ्या कॉम्प्युटरात आहे."

विटलेले कपडे रंगवून द्यायचं दुकान काकूंचं. कुठल्या छटेत काय किती, पाणी किती तापवायचं, मीठ कधी टाकायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. काका गोदामावर मुकादम होते. निवृत्त झाल्यावर वेळ खायला उठला, म्हणून लेकीकडून पायथन शिकायला बसले. फाइलमध्ये लिहायचं कसं आणि वाचायचं कसं, एवढे दोन धडे झाले आणि त्यांना हत्तीचं बळ आलं. काकूंनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी प्रोग्राम लिहिला. तो रंगाचं नाव विचारी, कृती विचारी आणि फाइलमध्ये ठेवून देई.

"अहो, कागदावर उतरवून घ्या की सरळ," काकू म्हणाल्या.

"कागद हरवतो. हे हरवत नाही."

"मग तुमचा चष्मापण घाला त्यात."

दुपारी काका उशाशी बसत. काकू सांगत, धाप लागली की थांबत. काका एका बोटाने अक्षरं शोधत. माल ठेवला की तिथल्या तिथे बघून घ्यायचा, ही गोदामातली जन्माची सवय. त्यामुळे प्रत्येक रंग साठवला की ते लगेच फाइल वाचून बघत. आत्ताच सांगितलेला रंग शब्दन्‌शब्द पडद्यावर येई.

"आला बघ!" काका म्हणत आणि निर्धास्त होत.

शेवटी शेवटी काकूंना बोलवेना. काका हट्टाला पेटले. "एक तरी सांग. आजचा दिवस वाया नको."

काकू हसल्या. "लिहा, काळा. पुडी फोडा, पाणी उकळा, कापड बुडवा. गाढवालाही जमेल."

काकांनी तेही इमानाने लिहिलं. त्यानंतर काकूंनी काही सांगितलं नाही.

ट्रंपेटवाल्यासमोर काकांनी फाइल वाचायला लावली. पडद्यावर एकच रंग आला. काळा. पुन्हा लावली. पुन्हा काळा. मग त्यांनी लेकीला फोन केला.

ती आली आणि तिने प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला.

"बोल की गं."

"बाबा, तुम्ही दर वेळी फाइल नव्याने लिहायची म्हणून उघडलीत. तशी उघडली की आधीचं सगळं पुसून जातं. आहे त्याच्या मागे जोडायचं, असं सांगून उघडायची असते."

"पण मी दर वेळी वाचून बघत होतो!"

"शेवटचं ठेवलेलं बघत होतात. ते असणारच. त्याच्या आधीचं आहे का, हे बघितलंत कधी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. गोदामात नवं पोतं ठेवलं म्हणून मागची पोती कधी नाहीशी झाली नव्हती.

"मला एकदा दाखवायचं होतंत, बाबा."

"सगळं पुरं झालं की दाखवणार होतो. म्हटलं, तुला चकित करावं." मग त्यांनी विचारलं, "परत नाही मिळायचं?"

"नाही."

ट्रंपेटवाला भला माणूस. "अंदाजाने करा काका, उन्नीस-बीस चालेल," म्हणून कोट ठेवून गेला. काकांनी चिंध्या बुडवून पाहिल्या. एक विटकरी झाली, एक बिटासारखी. काकू त्या लालाबद्दल म्हणाल्या होत्या, "यात निळा अगदी नावाला." नावाला म्हणजे किती, तेही त्यांनी सांगितलं होतं. काकांना त्यांचा आवाज आठवे, मध्येच मागितलेलं पाणी आठवे. आकडा आठवत नव्हता. काकू सांगत होत्या तेव्हा काकांचा सगळा जीव कळफलकावर होता. एकदा टाइप झालं की ते डोक्यातून सोडून देत, कारण ते फाइलमध्ये सुखरूप होतं. समोर बसून नुसतं ऐकलं असतं, तरी निम्मे रंग राहिले असते.

लेकीने प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो नवा रंग जुन्याच्या मागे जोडतो आणि वाचताना एकेक ओळ करत सगळे दाखवतो. "घाला, करून बघा," ती म्हणाली. काकांनी बँडच्या कोटाचा लाल घातला. काळ्याखाली तो नीट दिसला.

प्रोग्रामचं काही अडत नाही. लालाच्या कृतीत "निळा, नावाला" एवढंच लिहिलेलं आहे. बाकीची कृती भरायची राहिली आहे, आणि कोट रंगवायचा राहिला आहे.