उसवलेली नदी

मित्रांनो, मी रेशमावर भरलेला इंग्लंडचा एक जुना नकाशा आहे. माझं कौतुक ऐकलं की मला मळमळतं.

श्रूजबरी गावात मिस पिगॉटबाईंच्या मुलींच्या शाळेत मी तयार झालो. कापडावर रेघा लंडनहून छापून यायच्या. मुलींनी त्यांवर टाके घालायचे, की झाला भूगोल पाठ. मला भरलं तेरा वर्षांच्या केझियाने. ती सेव्हर्न नदीवरच्या नावाड्याची लेक. जिचा नकाशा उत्तम ठरेल तिला धाकट्या मुलींना शिकवायला शाळेत ठेवून घेणार होते. नाहीतर केझियाच्या नशिबी घरी बसून शिडं शिवणं होतं.

छापणाऱ्याने सेव्हर्न गावाशेजारून सरळ नेली होती. केझियाने ती निळ्या रेशमाने गावाला वेढा घालून नेली, घोड्याच्या नालासारखी.

"हे काय गं वेडंवाकडं?" बाईंनी तपकिरीने बरबटलेलं बोट माझ्यावर टेकवलं. शी!

"बाई, नदी अशीच जाते. खिडकीतून दिसते की."

"खिडकी लंडनहून आलीय का? उसव ते."

"पण बाई..."

"उसवतेस, की जातेस शिडं शिवायला?"

केझियाने एकेक टाका उसवला. मग सरळ नदी भरली.

शाळेत नकाशांचं प्रदर्शन भरलं, त्याला पाद्रीसाहेब आले, व्यापारी आले, त्यांच्या बायका आल्या. बहुतेक जण पूल ओलांडूनच आले होते. आमच्या गावाला तीन बाजूंनी पाणी आहे. मटणाच्या चरबीचे हात माझ्यावरून फिरवत सगळे म्हणाले, "काय सुबक टाके!" नदीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दाराशी टोपी हातात धरून उभा असलेला केझियाचा बाप तेवढा पुटपुटला, "केझी, ही कुठली नदी गं?"

"बक्षिसाची, बाबा."

तिला जागा मिळाली. पहिल्याच दिवशी तिने धाकट्या मुलींना जवळ बोलावलं आणि मला भिंतीवरून उतरवून खिडकीच्या उजेडासमोर धरलं. रेशमातून दोरा निघतो, सुईची भोकं बुजत नाहीत.

"ठिपके दिसतात? त्यांवरून बोट फिरवा. नदी इथून जाते. आणि बाईंनी विचारलं तर?"

"सरळ!" मुली खिदळल्या.

केझिया हसली नाही.

आज मी काचेमागे आहे. लोक येतात, टाके मोजतात, वाहवा करून जातात. मित्रांनो, मला कसरीपासून जपा, एवढं तर मागतोच. पण टाक्यांचं कौतुक पुरे. एकदा मला उजेडासमोर धरा.