काच भरलेली होती

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. वीज कंपनीच्या आवारात, मागच्या तारेच्या कुंपणापासून थोड्याच अंतरावर उभा आहे. माझ्याभोवती जाड दोरी आवळलेली आहे, गाठीवर लाखेचं सील आहे आणि गळ्यात ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. चोराला कोठडीत टाकतात हे तुम्ही ऐकलं असेल. मला मात्र पुरावा म्हणून टाकलं आहे, आणि पुराव्याला जामीन नसतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कामगारांनी तांब्याची तार नीट गुंडाळून माझं पोट भरलं, वरून लोखंडी पेटी चढवली आणि आत तेल ओतलं. काम करताना मी तापतो, ते तेल मला थंड ठेवायचं. डोक्याशी एक छोटी काच बसवली होती. आत तेल किती आहे ते तिच्यात दिसायचं.

मग मी इथे आलो आणि कामाला लागलो. दवाखान्यातले दिवे, पिठाची गिरणी, शाळेतले पंखे, सगळं माझ्या जिवावर चालायचं. शेजारच्या भागात वीज गेली तरी आमच्या भागातली जात नसे. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, “हा म्हातारा कधी दगा देत नाही.” मला ते फार आवडायचं.

माझी देखभाल एक लाइनमन करायचे. त्यांच्या कमरेला सदा पक्कड खोचलेली असे, जेवतानासुद्धा, म्हणून सगळे त्यांना पक्कडराव म्हणत. आल्या आल्या ते माझ्या अंगावर तळवा टेकवायचे. घरातल्या आजाऱ्याचा ताप बघावा तसे.

वय झालं तसं माझ्या खालच्या झडपेचं रबर कडक झालं आणि तेल थेंब थेंब गळू लागलं. दुरुस्तीसाठी मला काही दिवस बंद ठेवावं लागणार होतं. साहेब म्हणाले, वीज बंद ठेवली तर लोक अंगावर येतील, तेल टाकत राहा, काच तेवढी खाली दिसता कामा नये. पक्कडराव आज्ञाधारक माणूस. ते तेल टाकत राहिले. तपासनीस यायचे, मान वर करून काच बघायचे, समाधानाने चहाला जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! खाली वाकून कोणीच पाहिलं नाही. खाली खडी अंथरलेली होती. थेंब तिच्यात पडला की आवाजसुद्धा होत नसे.

कुंपणापलीकडे एका ताईंची रोपवाटिका आहे. त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर एके दिवशी रंगीत तवंग आला. मग रोपं पिवळी पडू लागली. त्या कंपनीत गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की विहिरीजवळ कोणीतरी गाडी धूत असेल. ताईंकडे तर सायकलही नव्हती. शेवटी त्या नाइलाजाने कोर्टाची पायरी चढल्या.

कोर्ट मी पाहिलेलं नाही. जे कळलं ते कुंपणाशी झालेल्या बोलण्यातून कळलं. कंपनीचे वकील म्हणाले, प्रत्येक तपासणीत काच भरलेली होती, मग गळती कसली? ताईंचे वकील म्हणाले, हे यंत्र जपून ठेवा, नाहीतर कंपनी ते भंगारात घालेल आणि पुरावा जाईल. कोर्टाने हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत जैसे थे. माझी वीज तोडली, माझं काम दुसऱ्याला दिलं आणि मला सील ठोकलं.

मित्रांनो, जैसे थे म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो. मी होतो तसाच राहिलो आणि गळतही तसाच राहिलो. झडप बदलली तर गळती कबूल केल्यासारखं होईल म्हणून कंपनी हात लावेना. मला हलवलं तर पुरावा बिघडेल म्हणून ताईंचे वकील हात लावू देईनात. माझ्या पोटात अजून पुष्कळ तेल होतं, आणि ते त्याच विहिरीच्या दिशेने झिरपत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

पक्कडरावांनी कोर्टात खरं सांगितलं. “काच भरलेली दिसायची, कारण ती मी भरत होतो, आणि तसं मला साहेबांनी सांगितलं होतं.” त्यानंतर कंपनीने त्यांना आवारात यायची बंदी केली. कोर्टाने पुढची तारीख दिली.

एका दुपारी ते कुंपणापलीकडे ताईंपाशी उभे होते. ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “भाऊ, पाणी वाचावं म्हणून मी कोर्टात गेले. आता माझ्याच खटल्याने याला इथे बांधून ठेवलंय.”

पक्कडरावांनी खाली वाकून तारेतून माझ्या झडपेकडे पाहिलं. मग म्हणाले, “यंत्राला हात लावायचा नाही. जमिनीबद्दल कोणी काही बोललेलं नाही. एखादं घमेलं आहे का?”

ताईंनी माती कालवायचं घमेलं आणलं. दोघांनी ते तारेखालून आत सरकवलं आणि लांब बांबूने ढकलत ढकलत माझ्या झडपेखाली आणलं. सीलला धक्का लागला नाही. घमेलं भरत आलं की ताई ते आकडीने ओढून घेतात, तेल झाकणाच्या पिंपात ओततात आणि परत ढकलतात. विहीर अजून बंदच आहे. ती कधी नितळेल, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत काही गळत असेल, तर वरून भर घालण्याआधी एकदा खाली वाकून बघा. माझ्यासाठी एवढं करा. इतकी वर्षं मी गळत होतो, पण त्या दुपारी पहिला थेंब रिकाम्या घमेल्यात पडला, टप्प असा आवाज झाला, आणि दोन माणसांनी तो ऐकला.