एक वाजताचा आवाज

बाबांचा शेवटचा दिवस चहावरच्या साध्या भांडणाने सुरू झाला. चहात साखर कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. साखर महाग झाली आहे, असं लेकीचं म्हणणं.

"ही बातमी फक्त घरच्यांना, की दुपारी रेडिओवर पण सांगणार आहेस?"

"दुपारच्या याहून वाईट आहेत."

"मग घाल साखर. दुपारी तोंड कडू करणारच आहेस, तर आत्ता तरी गोड दे."

तिने साखर घातली, पण मुद्दाम ढवळली नाही. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कंगव्याच्या दांड्याने चहा ढवळला. ती "शी!" म्हणाली, ते खूश झाले, आणि दोघं आपापल्या कामाला गेले.

बाबांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. एका खुर्चीमागे ते, दुसरीमागे मामा, म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ. आई गेल्यावरही ही दाजी-मेहुण्याची जोडी फुटली नव्हती, राहायलाही तिघं एकाच घरात होती. ती स्वतः शहराच्या रेडिओ केंद्रावर दुपारी एकच्या बातम्या वाचायची. मंदी आल्यापासून त्या बातम्यांत दुसरं काही उरलंच नव्हतं. उत्पादन घटलं, निर्यात घटली, बेकारी वाढली. बातम्या संपल्या की बाजारातले लोक एकमेकांची तोंडं बघायचे. सलूनमध्येही मंदी येऊन बसली होती. रोज दाढी करणारे आठवड्यावर गेले होते. "एकदम बारीक करा, म्हणजे लवकर यायला नको," असं लोक तोंडावर सांगायचे.

त्या दुपारी तिने वाचलं की बेकारीचा आकडा कित्येक वर्षांत नव्हता इतका चढला आहे, आणि गावाबाहेरचा टायरचा कारखाना बंद होतो आहे. कारखान्यातली निम्मी डोकी बाबांच्या हाताखालून गेलेली होती. बातमीपत्रानंतर तासाभराने ती चहाला उठली, तेवढ्यात मामांचा फोन आला. बाबा नेहमीसारखे आपल्याच खुर्चीत मान टाकून पडले होते, आणि उठले नव्हते.

भेटायला आलेल्या आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "कारखान्याचं ऐकलं आणि हाय खाल्ली बघ त्याने." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती बातमी कोणी वाचली होती, हे आत्यांच्या ध्यानातही नव्हतं. तिच्या मात्र मनातून ते जाईना. बाबांच्या कानावर पडलेलं शेवटचं वाक्य तिचं होतं, आणि ते तसलं होतं.

कामावर परतल्यावर तिने एकच्या बातम्या सोडल्या आणि हवामान मागून घेतलं. पावसाने निदान कोणी हाय खात नाही. त्या दिवशी बाबा काय म्हणाले, हे मामांना विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. मामांना खोटं बोलता येत नसे, हीच अडचण होती.

एकदा मामा चष्मा घरी विसरून गेले. चष्म्याशिवाय त्यांच्या हातात वस्तरा म्हणजे गिऱ्हाइकाचं कठीण. ती चष्मा घेऊन सलूनमध्ये पोचली, तर रेडिओवर नेमक्या बातम्या लागलेल्या. तिच्या जागी आलेला निवेदक महागाईचा दर सांगत होता. मामांच्या खुर्चीत अर्ध्या तोंडाला फेस लावलेला विमा एजंट बसला होता.

"हा बाबा वाचतो छान," एजंट कुरकुरला, "पण काही कळत नाही."

"आकडे सांगतोय की सगळे," मामा म्हणाले.

"आकडे कोणाला कळतात हो? ताई वाचायच्या तेव्हा बरं होतं. आवाज ऐकला की समजायचं."

"काय समजायचं?" तिने दारातूनच विचारलं.

एजंटने आरशात तिला पाहिलं आणि फेसाआड लपायचा प्रयत्न केला. मामांनी चष्मा घेतला, पुसला, नाकावर ठेवला.

"दाजींची पद्धत होती ती," ते म्हणाले. "शब्दांकडे लक्षच द्यायचं नाही. तुझा आवाज जड लागला तर हात आखडता घ्यायचा, मोकळा लागला तर खुशाल खर्च करायचा. हळूहळू सगळी गल्लीच तसं करायला लागली."

"काहीतरीच!"

"अगं, तुला सर्दी झाली होती ना, तेव्हा दाजींनी नव्या खुर्च्यांची ऑर्डर रद्द केली. समोरच्या चपलावाल्याने घाबरून सेल लावला."

"मी शेअर विकले," एजंट फेसातून म्हणाला. "दोन दिवसांत वर गेले. ताई, तेव्हा वाफ घेतली असतीत तर आज माझी गाडी असती."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच इतके दिवस अडकलेला प्रश्न बाहेर पडला.

"मामा, आणि त्या दिवशी?"

मामांनी वस्तरा खाली ठेवला.

"त्या दिवशी कारखान्याचं ऐकून माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं. दाजी म्हणाले, 'अरे वेड्या, आवाज ऐक. कसा खणखणीत आहे! खरंच वाईट असतं तर पोरीच्या गळ्यात उतरलं नसतं का?' लगेच फोन करून खुर्च्यांची ऑर्डर पुन्हा दिली. मग म्हणाले, जरा पडतो, कोणी आलं की उठव."

"घाबरले नव्हते?"

"घाबरलेला माणूस घोरतो का? बातम्यांनंतरची गाणी ऐकू येऊ दिली नाहीत मला. मग घोरणं थांबलं, तेव्हा वाटलं, चला, आता गाणी ऐकू." मामांनी वस्तऱ्यावरचा फेस पुसला. "तू विचारलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला ऐकवत नसेल. खुर्च्या परवाच आल्यात. आतल्या खोलीत आहेत."

ती आत गेली. दोन्ही खुर्च्यांवर अजून प्लास्टिक होतं. एकीत ती बसली, तशी खुर्ची करकरली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे तिने कितीदा लिहिलं होतं, वाचलं होतं. आत्ता तो पडताना कळत होता, खांद्यांपासून खाली.

"मामा," बाहेरून एजंटचा आवाज आला, "फेस वाळतोय हो."

"थांबा जरा."

बातम्या संपल्या होत्या. मामांनी रेडिओ बंद केला. दार उघडंच होतं, दोघांना ऐकू जाणार हे तिला माहीत होतं. तरी ती मोठ्याने, एकच्या बातम्यांच्या आवाजात बोलली.

"बाबा, माईकसमोर बसलं की सगळं शहर ऐकतंय म्हणतात. मला कधी शहर दिसलंच नाही. मी रोज तुम्हालाच वाचून दाखवत होते."