मी, पाणी पाहणारी काठी

मित्रांनो, मी गळाची एक जुनी काठी आहे. जात बांबूची, जन्म चांदनी गावामागच्या डोंगरातला. आमच्या डोंगरातला बांबू आतून जवळजवळ भरीव असतो. म्हणून तो वाकतो, पण सहज मोडत नाही. या एका गुणासाठी कौतिकने मला बेटातून निवडले.

कौतिक हा चांदनीचा केळीवाला शेतकरी. त्याने मला निखाऱ्यावर शेकून सरळ केले, अळशीचे तेल पाजले आणि दोऱ्याने माझ्या अंगावर तारेच्या बारीक कड्या बांधल्या. दोर गुंडाळायची पितळी चरखी त्याने बुऱ्हानपूरच्या इतवारा बाजारातून आणली. आणताना ती केळीच्या पानात गुंडाळून आणली, कारण घरात कोणाला कळून चालणार नव्हते.

त्याची बायको मालूबाई हिच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या घरात अंडेसुद्धा येत नसे. कौतिक स्वतः मासा खात नव्हता. पण मासा गळाला लागला की दोरातून हाताला जो जिवंत हिसका बसतो, त्याचा त्याला लळा होता. त्याने गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकला होता. मासा धरायचा, ओल्या हाताने क्षणभर पाहायचा आणि सोडून द्यायचा. एवढाच त्याचा गुन्हा.

मग मला लपवायचे कुठे? कौतिकने मला मळ्यातल्या खोलीबाहेर टेकूच्या बांबूंत ठेवले. केळीचा घड जड झाला की झाड कलते, म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. बांबूंत बांबू कोण शोधणार?

निघताना तो सांगे, "पाणी पाहून येतो."

केळीच्या मुलखात हे वाक्य घरोघरी असते. सरीत पाणी पोचले का, ठिबकची नळी तुंबली का, हे पाहायला माणसे जातच असतात. कोणाला शंका येत नसे. मालूबाई मात्र टोमणा मारी, "अहो, इतकं पाणी पाहता, एखाद दिवशी घागरभर घरी तरी आणा!" लहानगा निलेश, त्यांचा मुलगा, हे ऐकून खिदळे.

आम्ही जात असू ते टेकडीमागच्या तळ्यावर. तिथे बैलगाडीची वाट नव्हती. वर सपाटीवर जुना दगडी बांध, त्यामागे हिरवेगार खोल पाणी. पावसाळ्यात ओढा फुगला की महाशीर मासे वर चढत आणि पाणी ओसरले की तळ्यातच राहत. काठच्या गवतात मरळ असे. तिची पिल्ले लाल पुंजक्यासारखी पाण्यावर तरंगत आणि आईबाप खाली पहारा देत. तिथे कौतिक गळ टाकत नसे.

त्या तळ्यात एक म्हातारी महाशीर होती. तिच्या शेपटीचा एक कोपरा तुटलेला होता. ती लागली की मी कमानीसारखी वाके आणि चरखी किंचाळे. कौतिक तिला मावशी म्हणे.

"घरी बायको, तळ्यात मावशी!" त्याचा दोस्त निंबा हसे. "कौतिक, तू मासा धरतो का पाहुणचार करतो?"

"तुला नाही कळायचं. गप बस, ती ऐकते."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पुढे निंबा लेकीकडे नेपानगरला राहायला गेला. आता गुपित जाणणारे आम्ही दोघेच उरलो. त्यातला एक बोलू न शकणारा बांबू.

मग एका हिवाळ्यात ट्रॉलीत घड भरताना कौतिक घसरून पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. मळ्यातल्या खोलीत त्याची खाट टाकली. मी भिंतीपलीकडेच होते, सगळे ऐकत होते. उन्हाळा लागला, विहिरी खाली गेल्या. कौतिकला एकच घोर होता. तळ्यात पाणी किती असेल? मावशी असेल का?

शेवटी न राहवून त्याने निलेशला हाक मारली. निलेश आता बाग सांभाळणारा जवान गडी झाला होता.

"निलेश, टेकडीमागं तळं आहे. जरा जाऊन पाणी पाहून ये."

निलेश उन्हात गेला आणि धापा टाकत परत आला. "आबा! अरे बाप रे, कितना पानी है! इतकी वर्षं तुम्ही हेच पाहत होतात ना?"

कौतिकने खाटेवरून मान उचलली. "हो रे. हेच." त्याला पुढे विचारायचे होते, वर काही उसळलं का, लाल पुंजका दिसला का. पण मालूबाई पायाशी बसून तेल चोळत होती. तो इतकेच म्हणाला, "जपायला पाहिजे ते."

"आबा, टेन्शन मत लो. मी आहे ना."

बाहेर येऊन निलेश आईला हळूच म्हणाला, "आबांची सगळी जिंदगी ते पाणी पाहण्यात गेली. आता आपण ते खाली आणू. त्यांना सांगू नको. चालायला लागले की दाखवू."

मी ओरडू शकले असते तर!

निलेशने बांधावरून खाली बागेपर्यंत काळा पाइप टाकला. इंजिन एकदाच लावले. पाइप पाण्याने भरला की उताराकडे पाणी आपोआप ओढले जाते, मग इंजिनाची गरज उरत नाही. कोणी वर जायचीही गरज उरत नाही. म्हणून तळे उतरताना कोणी पाहिले नाही. बाग हिरवी राहिली. कौतिकला वाटले, यंदा विहीर टिकली.

पावसाआधी तो चालायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने मला ढिगातून ओढले, आधाराला धरले आणि चरखी खिशात घातली. "पाणी पाहून येतो," तो म्हणाला. मायलेक एकमेकांकडे पाहून हसले.

वाटेत तो काळा पाइप लागला. कौतिक त्याच्या बाजूने चालत राहिला आणि त्याची पावले हळू होत गेली.

बांधामागे भेगाळलेला चिखल होता. महाशीरला श्वासाला ताजे पाणी लागते, म्हणून ते मासे आधी मेले. मरळ वरची हवाही घेते, म्हणून ती चिखलात तडफडत सगळ्यांच्या मागून मेली. कौतिक खाली बसला. एका भेगेतून त्याने एक खवला उचलला, त्याच्या तळहाताएवढा रुंद. झाडाच्या खोडासारखी त्यावर वर्तुळे असतात. मोजली तर माशाचे वय कळते. त्याने मोजली नाहीत.

मागून निलेश आला. त्याचा चेहरा उजळला होता. "कसं वाटलं, आबा? आई म्हणायची ना, घागरभर आणा. मी पूरा तलाव आणला!"

कौतिकने खवला मुठीत मिटला.

"वास येतो थोडा," निलेश म्हणाला. "मासे होते म्हणे. पर क्या करें, आपल्याला कुठं खायचे होते? खूश ना?"

मुलाच्या हातांना पाइप ओढून घट्टे पडले होते. कौतिक त्यांच्याकडे पाहत राहिला.

"हो," तो म्हणाला.

"आणि ही काठी कुठली?"

"टेकूतली आहे."

त्या संध्याकाळी कौतिकने माझ्या कड्या एकेक करून कापल्या. मग मला बागेत नेले आणि कललेल्या एका झाडाला माझा टेकू दिला. चरखीचे काय झाले, मला माहीत नाही. तो आता कुठेच पाणी पाहायला जात नाही.

मित्रांनो, मुके असणे हे माझे नशीब होते, त्याचे नव्हते. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याचे खरे नाव घरात एकदा तरी मोठ्याने घ्या. नाहीतर तुमच्यावर जीव असलेली माणसेच ते संपवतील, आणि तुम्हाला हो म्हणावे लागेल.

माझ्या डोक्यावर घड भरत चालला आहे. पायाशी ओल आहे. त्या ओलीला अजून तळ्यातल्या शेवाळाचा वास येतो.